एका माणसाला पोतंभर कांदे

शॉमबर्ग,
एप्रिल संपत आला, पण खिडकीतून बघून तसं वाटत नाही

प्रिय रेखा हिस,

सुनेत्राचा नमस्कार. (तू माझ्याहून काही महिन्यांनी मोठी आहेस हे तू मला इतकी वर्षं ऐकवत आली आहेस, म्हणून आशीर्वाद देण्याचं धाडस करत नाही.) गुडघे कसे आहेत? उजवा दुखतो की अजून डावाच? तुझ्या चँडलरला म्हणे आत्ताच स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो, तेव्हा दुपारी गाडी काढू नकोस. नीलला आणि सूनबाईंना अनेक आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त कंबर, खांदा आणि उजवं मनगट सोडून, आणि त्यांचं कारण पुढे येईलच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून डिशवॉशर लावतेस आणि गोष्ट ऐन रंगात आली की "हं, हं, मग?" म्हणतेस, त्यामुळे मी कुठवर आले होते तेच मला आठवत नाही. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. चहा करून घे आणि बस.

झालं असं, की मागच्या महिन्यात क्लबाच्या मेंबरशिपच्या रिन्युअलची ईमेल आली. क्लब म्हणजे आपलं ते गोदामवजा दुकान, जिथे एक टूथब्रश हवा असला तरी घरी डझनभर येतात. (मिरजेच्या माझ्या मावशीला मी एकदा म्हटलं होतं, की शनिवारी आम्ही दोघं क्लबात जातो. तेव्हापासून विवेक पत्ते खेळतो असंच ती धरून चालली आणि माझ्या आईजवळ हळहळत राहिली.) ती ईमेल आधी चारुताने पाहिली, कारण विवेक गेल्यापासून माझ्या ईमेल तीच तिकडे टेक्ससला, प्लेनोत बसून बघते. लगेच फोन. "आई, इट मेक्स नो सेन्स. यू आर वन पर्सन. कॅन्सल कर."

हिशोबाने तिचं बरोबरच होतं. मी दिवसाला दीड पोळी खाते. पण ते 'वन पर्सन' ती ज्या सुरात म्हणाली ना, तो सूर मला लागला. शिवाय मला पुढचं सगळं दिसायला लागलं. आधी मेंबरशिप जाणार, मग गराजमधला जादाचा फ्रीज, मग गराज, मग घर, आणि मग मी प्लेनोला तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जिच्या खिडकीतून हायवे दिसतो. मुलगी गुणाची आहे, मनापासून बोलावते, जावईही लाखात एक. पण तिथे मला 'चारुताज मॉम' याखेरीज नाव नाही. इथे लायब्ररीत अजून कोणी ना कोणी मला नावाने हाक मारतं. तुझंही असंच सुरू झालं होतं, आठव. देवभाऊजी गेले त्या हिवाळ्यात नीलने आधी फक्त स्नो ब्लोअर विकला. तू म्हणालीस, बरं झालं, अडगळ गेली. बघता बघता घरापुढे 'विकणे आहे'ची पाटी लागली, आणि तू अशा गावी जाऊन बसलीस जिथे स्नोच नाही.

म्हणून मी चारुताला म्हटलं, मी शेवटचं एकदा जाऊन येते. जे आणीन ते काही न फेकता संपवलं तर मेंबरशिप राहील, फेकायला लागलं तर कॅन्सल. ती म्हणाली, "फाइन," आणि त्या 'फाइन'मध्ये माझा पराभव तिने आधीच मोजून ठेवलेला होता.

अगं, पूर्वी हा प्रश्नच कुठे होता? दोन घरं, एक गराज. शनिवारी तुम्ही दोघं आणि आम्ही दोघं तुमच्या त्या तपकिरी व्हॅनमधून जायचो आणि परत येऊन आमच्या गराजमध्ये वाटणी मांडायचो. तराजू नव्हता, तर बाथरूममधला वजनकाटा आणायचा. देवभाऊजींनी आधी रिकाम्या हातांनी त्यावर उभं राहायचं, मग कांदे कवटाळून, आणि विवेकने वजाबाकी करायची. देवभाऊजींचं वजन त्यामुळे अख्ख्या मराठी मंडळाला पाठ होतं, आणि थँक्सगिव्हिंगनंतर ते वाढलं की वाढीव वजन ते खुशाल कांद्यांच्या नावावर खपवायचे. विवेकची वजाबाकी चुकायची ती नेहमी तुमच्या बाजूने. इंजिनियर माणूस, बाकी कुठे आकडा चुकायचा नाही, पण तिथे चुकायचा. आपण दोघी अंगात कोट, डोक्याला स्कार्फ अशा अवतारात अंडी वाटायचो, एक तुला, एक मला. नील आणि चारुता रिकाम्या खोक्यांत बसून आगगाडी चालवायचे. आणि बटरचं एक पाकीट हमखास उरायचं. त्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं आपापल्या नवऱ्यांशीही भांडलो नसू. तू ने. नको, तूच ने. शेवटी तू जाताना ते माझ्या बुटात लपवून जायचीस. (एकदा ते मला सोमवारी सापडलं. बूट टाकावा लागला.) वाटणी झाली की भजी, चहा, आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची निंदा. मेंबरशिपने जे काही वाचत असेल ते सगळं त्या भज्यांच्या तेलात जात असणार. पण फायदा झाला असं आपल्या चौघांनाही कायम वाटायचं.

तर मी गेले. ती ढकलगाडी, रेखा, एकट्या माणसासाठी केलेलीच नाही. मी पुढे काय आहे ते बघायला टाचा उंचावत होते. मी अगदी शहाण्यासारखी खरेदी केली. उशीएवढं पालकाचं पाकीट, दह्याची बादली, अंडी, बटर, आणि कांद्यांचं ते जाळीचं पोतं. कांद्यांची मला काही गरज नव्हती, पण इतकी वर्षं हात सवयीने तिकडेच जातो. ढकलगाडीत पोतं ठेवायला तिथल्या एका माणसाने मदत केली, तेव्हा ते गाडीच्या डिकीत कोण ठेवणार हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. ते काम विवेकचं असायचं.

बाहेर आपला शिकागोचा वारा. मी पोतं दोन्ही हातांनी उचललं, अर्धं डिकीत गेलं, आणि जाळी कुलपाच्या आकड्यात अडकली. मी ओढली. (मनगट.) पुन्हा ओढली. (खांदा.) तिसऱ्या वेळी टर्रकन आवाज झाला आणि सगळे कांदे माझ्या पायांवरून पार्किंग लॉटच्या उतारावर निघाले. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले आणि वाकले, तिथे कंबर गेली. वाकले ती वाकलेलीच राहिले. लोक गाड्या थांबवून कांद्यांना वाट देत होते.

तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला. "अरे यार, धम्मदीप, तीन त्या ट्रकखाली गेले! तू तिकडून ये!" एक मुलगी ओढणी कमरेला खोचून धावत होती आणि तिचा नवरा चक्क ट्रकखाली आडवा झाला होता. दोघं नागपूरचे, नुकतेच लग्न होऊन आलेले. तिचं नाव प्रणिता, ती फार्मसीचं शिकते. तो इथल्याच एका कंपनीत लागलाय. "काकू, तुम्ही उभ्याच राहा, हलू नका," म्हणत तिने मला सरळ केलं, म्हणजे जेवढी होऊ शकत होते तेवढी. सगळे कांदे काही मिळाले नाहीत. काही आपणहून हायवेच्या दिशेने गेले, त्यांना माझ्या शुभेच्छा.

मग प्रणिता जरा संकोचून म्हणाली, "काकू, एक विचारू का? आम्ही दोघंच आहोत. मेंबरशिप घ्यायची की नाही यावरून मघापासून गाडीत भांडतोय. परवडते का हो दोघांना?"

एका माणसाच्या उत्तरासाठी मी कंबर मोडून घेतली होती, आणि इथे दोघांचं विचारत होते. मी म्हटलं, "दोघांना नाही परवडत. एकाला तर मुळीच नाही. तिघांना परवडेल. गाडी माझ्यामागून घ्या."

गराज उघडलं. विवेक गेल्यापासून मी ते फक्त गाडी आत-बाहेर करायला उघडत होते, दिवा लावून उभी अशी राहिले नव्हते. त्यांच्या गाडीत सामानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा होता, त्याला पिशवी अडकवून धम्मदीपने कांदे तोलले. मुलगा इतका काटेकोर, की एक कांदा तीनदा इकडून तिकडे केला. मग अंडी घेऊन ते दोघं खाली बसले आणि प्रणिता मोजायला लागली, "एक काकूंना, एक आपल्याला." मी साखर बघून येते म्हणून आत गेले. साखर समोरच होती. मी बराच वेळ ओट्याशी उभी राहिले, मग तोंड धुऊन चहा टाकला. भजी करायला कंबर नव्हती, तर धम्मदीपने केली, आणि तुला वाईट वाटेल, पण तुझ्यापेक्षा चांगली केली. त्या दिवसापासून ते दर शनिवारी येतात.

आता पैजेचं. कांदे संपले, दही संपलं (बादलीभर कढी काय असते ते प्रणिताला विचार), पण पालक हरला. दोघांना अर्धा देऊनही माझ्या वाट्याचा मी डाळीत, पिठात, थालिपिठात, इडलीतसुद्धा घातला, आणि तरी एका सकाळी फ्रीज उघडला तर पाकिटात काळं पाणी. मी चारुताला प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं, की मी हरले, कॅन्सल करते. ती जिंकल्यासारखी बोललीच नाही. "ओके, आई," एवढंच म्हणाली, आणि मग हळूच, "यू शुअर?"

शनिवारी प्रणिताला बरोबर घेऊन काउंटरवर गेले. तिथली मुलगी म्हणाली, की खातं मिस्टर विवेकच्या नावावर आहे, ते स्वतः येऊ शकतील का? मी म्हटलं, येऊ शकले असते तर कांद्यांच्याच वेळी आले असते. तिला कळेना, मग कळलं, आणि ती बिचारी इतकी सॉरी सॉरी म्हणाली की मलाच तिची समजूत घालावी लागली. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर विवेकचा कार्डावरचा फोटो. तोंड उघडं. फोटो काढणाऱ्याला उजेड कुठून यायला हवा ते समजावून सांगत होता आणि त्याने मधेच बटण दाबलं, तो फोटो. काळापांढरा, केस सगळे जागेवर. ती म्हणाली, "शॅल आय क्लोज इट?" मी म्हटलं, थांब जरा. मागे रांग होती. प्रणिता माझ्या पाठीवर हात ठेवून रांगेकडे डोळे वटारून उभी राहिली, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. माझं बघून झालं, तेव्हा मी म्हटलं, बंद नको करूस. माझ्या नावावर कर.

चारुताला सांगितलं तर हसायला लागली. म्हणाली, "पण फायदा काय?" मी म्हटलं, काहीच नाही.

तर असं आहे. नीलला सांग, केस कापून घे, परवाच्या फोटोत अगदी कॉलेजच्या दिवसांतल्या देवभाऊजींसारखा दिसतो. गुडघ्यांना तेल लाव. पत्राचं उत्तर पत्राने दे, फोनवर नको.

तुझी,
सुनेत्रा

ता. क. काउंटरवरच्या मुलीने नवं खातं करताना विचारलं, की दुसरं कार्ड फुकट मिळतं, घरात आणखी कोण राहतं? 'कोणी नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तुझं नाव सांगून बसले. स्पेलिंगसकट. पत्ताही एकच लागतो म्हणाली, तर तोही एकच दिला, माझा.

ता. ता. क. फोटो काढायला तुला स्वतः यावं लागतं. इथला उन्हाळा सुखाचा असतो, तुला माहीतच आहे, आणि हिवाळ्याचं नंतर बघू. नीलशी मी बोलले तर त्याला राग येईल, म्हणून तूच बोल. प्रणिता आणि धम्मदीप विमानतळावर न्यायला यायला तयार आहेत.

ता. ता. ता. क. येताना काही आणू नकोस. जागा नाही.