तिजोरीच्या दोन्ही चाव्या

९ फेब्रुवारी २००९, सोमवार

जबल अलीत आमच्या ओळीतलं तिसरं शटर आज खाली आलं. ॲल्युमिनियमवाला. काल मला चहा पाजला, आज कुलूप. माझी मोठी शिडी त्याच्या आतच राहिली.

पीटरचा फोन. केनियातल्या त्याच्या सफारी कॅम्पला मागच्या वर्षी आपण बारा तंबू शिवून दिले. ते उभे कसे दिसतात बघायला या म्हणतो, बायकोला घेऊन, पाच दिवस पाहुणे म्हणून. मुद्दा नंतर निघाला: दुसरा कॅम्प काढतोय. तीस तंबू. इथे अख्ख्या दुबईत क्रेन मान टाकून उभ्या आहेत आणि हा तीस म्हणतो! गेलंच पाहिजे.

दुपारी वर्कशॉपमधले तिघं आले. "सेठ, पासपोर्ट जरा देखना था." देखना था! पासपोर्ट काय लग्नाचा अल्बम आहे? इथल्या बहुतेक कंपन्या ठेवतात तसे आपल्याकडेही एकोणीस जणांचे तिजोरीत आहेत. सांभाळून. मागेल त्याला देतो, आजवर दिलेत. तिघांना म्हटलं, परत येतो, मग बघू. हसत म्हटलं. तेही हसले.

निघताना वर्गीसकडची दुसरी चावी मागून घेतली. अकाउंटंट माणूस, का म्हणून विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

११ फेब्रु., बुध

नैरोबीहून बारा सीटचं विमान. नलू डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसली. धावपट्टीवर झेब्रे. पायलटने आधी एक घिरटी घालून त्यांना हाकललं, मग उतरवलं. आमच्याकडे एसटी आल्यावर म्हशी हलतात तसे हलले.

नदीकाठी आपले तंबू. शहाऐंशी साली शारजात तंबूवाल्याकडे हेल्पर लागलो तेव्हा उन्हात खुंट्या ठोकायचो. आज त्याच जातीच्या कॅनव्हासखाली पलंग, पांढरी चादर, पितळी नळ. नलू म्हणाली, "आपण शिवलेल्या घरात आपणच पाहुणे."

मी आधी शिवण तपासली. बबनचं काम लांबून कळतं. एक पाऊसकाळ खाल्ला, ऊन खाल्लं, माकडं नाचली वरून, एक टाका उसवलेला नाही. बबन मास्टर माझ्याच गावचा, वेंगुर्ल्याकडचा. मीच आणला, अठरा वर्षं झाली. वर्कशॉप माझ्या नावावर आहे, एवढंच.

१२ फेब्रु., गुरु

सिंह पाहिले. पाच. पाचही झोपलेले. नलू : "एवढ्या लांब येऊन यांचं घोरणं ऐकायचं?"

जोसेफ नावाचा मसाई आमची जीप चालवतो. ही सगळी जमीन त्याच्याच लोकांची, कंपनीला जनावरांसाठी भाड्याने दिलेली. मागे गवत संपलं तेव्हा त्याच्या भावाच्या गाई आत शिरल्या, तर दंड झाला. "जमीन आमची, फाटक त्यांचं," म्हणाला. मी म्हटलं, कागदावर सही कुणी केली? "आम्हीच." आणि मोठ्याने हसला. मीही. छान माणूस.

१४ फेब्रु., शनि

तंबूत मोबाइल लागत नाही. सकाळी नाश्त्यावरून उठवून ऑफिसात नेलं, सॅटेलाइट फोनवर वर्गीस.

"भाई, बबन की माँ सीरियस है. शाम को गोवा की फ्लाइट में सीट है. पासपोर्ट अंदर है."

मागे मशीनचा आवाज नव्हता. कामाचा दिवस, आणि एकही मशीन चालू नाही. म्हणजे सगळे तिथेच उभे होते. मी इथून ऐकलं ते.

"कटर मँगवाऊँ? दस मिनट का काम है."

म्हटलं, नको. सोमवारी येतोच आहे.

तिजोरी कापली की एकोणीस पासपोर्ट टेबलावर. त्यातले किती परत आत जातील? माणसं गेली तर तीस तंबू कोण शिवणार, मी? पीटरचा पार्टनर उद्या येणार आहे, त्याच्यापुढे...

नलूने ऐकलं सगळं. "बबनच्या आईने, काकींनी, तुम्हाला दोन वर्षं जेवायला घातलं. शाळेत असताना. विसरलात?"

"म्हातारी माणसं असतात गं सीरियस. बऱ्या होतील, इन्शाल्ला."

"आज दुपारच्या विमानात जागा आहे. मी विचारून आले."

"उद्या पार्टनर येतोय."

मग ती तंबूत निघून गेली. जेवायलाही आली नाही. पीटरला सांगितलं, उन्हाने डोकं चढलंय.

१५ फेब्रु., रवि

पार्टनर आला. दोन्ही हातांनी कॅनव्हास ताणून बघितला, शिवणीवर नख घासलं. "हू डिड धिस?" म्हटलं, माझा माणूस. तीस नक्की. हात मिळवले. बाहेर नदीत हत्ती होते, पिल्लासकट, सगळे फोटो काढत होते. मीही काढले.

चार वाजता वर्गीस. काकी गेल्या. दुपारी.

नलूला सांगितलं. ती बॅग भरत होती, भरत राहिली.

१६ फेब्रु., सोम

विमानतळावरून नलूला टॅक्सीने डिस्कव्हरी गार्डन्सला घरी पाठवलं, मी थेट जबल अली. बबन तिजोरीच्या खोलीत स्टुलावर बसलेला. धुतलेला शर्ट, पायाशी बॅग. मला बघून उठला. अजूनही उठला.

म्हटलं, बबन, काय बोलू रे.

"चुलतभावाने अग्नी दिला." मग म्हणाला, "भाऊ, तंबू कसे राहिलेत?"

"एक टाका उसवला नाही."

"धूळ बसत असेल शिवणीत."

चावी लागेना मला. दोन्हींपैकी कुठली होती तेही आठवेना. त्याने माझ्या हातातून घेऊन उघडलं. स्वतःचा तेवढा पासपोर्ट काढला, बाकीचे नीट सरळ करून ठेवले, चाव्या टेबलावर ठेवल्या. उद्या पोचेल. राख गोळा करायला.

१७ फेब्रु., मंगळ

घरी मुलगी : "बाबा, डिड यू सी अ लेपर्ड?" नाही म्हटलं. "सो व्हॉट डिड यू डू फॉर फाइव्ह डेज?"

नलू तिथेच भाजी चिरत होती. मान वर केली नाही.

१९ फेब्रु., गुरु

सगळ्यांना बोलावून म्हटलं, ज्याला पासपोर्ट हवा त्याने न्यावा. भाषणच केलं जरा, आपण एका घरातले वगैरे. उरलेल्या अठरापैकी अकराजणांनी त्याच जागी उभं राहून सही करून नेले. चौघांनी व्हिसा कॅन्सल करायला सांगितला, काम सोडून गावी चालले. म्हणजे माझा हिशोब बरोबर होता. हे कुणाला सांगणार? आणि सांगून काय?

१ मार्च, रवि

पीटरची ऑर्डर कागदावर आली. वर्गीसला म्हटलं, बबनला गावी फोन लाव, आनंद होईल त्याला. वर्गीस हातातला कागद चाळत राहिला.

"भाई, उस दिन आवाज कम आ रहा था. फोन स्पीकर पे था."

"कुठल्या दिवशी?"

"कटर वाले दिन."

म्हणजे "नको" बबनने माझ्या तोंडून ऐकलं. आणि सोळा तारखेला मला बघून उठला.

फोन लावायला सांगितला नाही.

८ मार्च, रवि

बबन आला. मी धरूनच चाललो होतो की येणार नाही. डोक्यावर बारीक खुंट उगवलेत, बारीक झालाय. नलूसाठी काकींच्या हातची कोकमं आणली, मागच्या उन्हाळ्यातली. पासपोर्ट शर्टाच्या खिशात, वरून बटण.

ऑर्डरचे कागद बघितले त्याने, मापं विचारली. मग म्हणाला, "तीसच्या तीस मी उभं राहून करून घेतो. नवी पोरं द्या, शिकवतो. झालं की मला खलास करा, भाऊ. व्हिसा कॅन्सल."

"रागावलायस."

"राग नाही."

"मग?"

"तुम्हीच आणलंत, कसं नाही म्हणू. पण तुमच्याकडे काही ठेवायचं म्हटलं की आता भ्या वाटतं."

एवढंच. जाऊन मशीनमध्ये तेल घालायला लागला.

माफी मागायची होती. तोंडात शब्द जुळवून ठेवले होते आठवडाभर. तो मशीनशी वाकलेला, नवी दोन पोरं बाजूला उभी. राहिलं.

तीस तंबू, नवी माणसं, म्हणजे बबन पाच महिने आहे. ऑगस्ट. पीटरला फोन करून विचारलं, अजून दहा लागतील का. बघतो म्हणाला.