अठरा मार्चचं पान

नागरा, ९ एप्रिल

प्रिय दामिनी,

तू मागितलेली हवामानाची वही या पार्सलात आहे. आधी हे पत्र वाच, मग वही उघड. तेरवीच्या दिवशी तू विचारलंस, एवढ्या गारा पडत असताना आई अंगणात गेलीच काऊन? मी म्हणालो, माहीत नाही. मला माहीत होतं.

बाकी इकडे ठीक आहे. शेजारची शामकला दोन्ही वेळचा डबा देते. तिच्या छपरावरचे गारांनी फुटलेले कवेलू बदलून झाले. आपला पर्जन्यमापक चेपला होता, तो मी ठोकून सरळ केला. मला रडू येत नाही. लोक म्हणतात, उदाराम धीराचा माणूस. धीर कसला, आत काही हलतच नाही.

लाईनमन असताना खांबावर चढलो की लांबवरचे ढग दिसायचे, तेव्हापासूनचा हा नाद. तुझी आई म्हणायची, या माणसाला घरातलं मीठ संपलेलं कळत नाही, पण आभाळात काय शिजतंय ते बरोबर कळतं. तरी मी ड्युटीवर असलो की पावसाचा आकडा तीच वहीत लिहायची. त्या दिवशी चार वाजून नऊ मिनिटांनी गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. अशी गारपीट मी जन्मात पाहिली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

गारा थांबाव्यात म्हणून अंगणात मुसळ टाकायची आईची रीत तुला ठाऊक आहे. दर वेळी मी तिला त्यावरून चिडवायचो. एका हाताने डोक्यावर घमेलं धरून, दुसऱ्या हातात मुसळ घेऊन ती निघाली. मी फूटपट्टी घेऊन छपरीत उभा होतो. तुळशीजवळ एक भली मोठी गार पडलेली दिसली. मी ओरडलो, "जाऊनच राहिली तं तेवढी मोठी गार आण. हातात नोको धरू, पघळते." तिने मुसळ टाकलं, डोक्यावरचं घमेलं काढलं आणि गार त्यात ठेवली.

तिच्या डोक्याला लागलेलं मी पाहिलं नाही. माझं लक्ष घमेल्याकडे होतं. ती स्वतःच्या पायांनी आत आली, "घ्या तुमची गार" म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात काय झालं ते तुला माहीतच आहे.

आईचं अक्षर आहे म्हणून तू वही मागितलीस. पण अठरा मार्चचं पान माझ्या अक्षरात आहे. वेळ ४.२६, गारेचा व्यास साडेपाच सेंटिमीटर. नीट बघ, अक्षर कुठेही हललेलं नाही. गार दोनदा मोजली, लिहिलं, शाई वाळू दिली, मग तिच्याकडे पाहिलं. तेव्हा ४.३१ झाले होते. ही पाच मिनिटं वहीत नाहीत, म्हणून इथे लिहिली. तुझा फोन आला नाही तरी मी समजेन.

तुझाच,
बाबा