उघडल्यावर थांबू नका

सोमवार, ३
सासरी येऊन आठवडा झाला, म्हणून आज नवी वही काढली. घर मला फार आवडलंय. माणसं दोनच, नवरा आणि सासरे, त्यामुळे नव्या सुनेकडे डोळ्यांत तेल घालून बघणारं कोणी नाही. खरा मान दिवाणखान्यातल्या टाकीला! खाऱ्या पाण्याची, माहेरच्या माझ्या पलंगाएवढी. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते जहाजावर इंजिनाच्या कामावर होते. नवरा म्हणतो, निवृत्त होताना त्यांनी समुद्र उचलून घरी आणला, आईने बिचारीने जाईपर्यंत त्याच्या काचा पुसल्या. आता काचा पुसायची पाळी माझी, असं बाबा हसत म्हणाले. मी पुसल्या. एका पट्टेवाल्या माशाने फडक्याचा शेवटपर्यंत पाठलाग केला.

आमची खोली माडीवर, टाकीच्या बरोबर वर. पंपाची घरघर ऐकत झोप छान लागते.

गुरुवार, ६
बाबांनी आज शिकवणी घेतली. जवळच्या दुकानातून दोन मासे आणले होते. दुकानातलं पाणी कमी खारट, म्हणून त्यांना बादलीत ठेवून टाकीतलं पाणी बारीक नळीतून थेंब थेंब सोडायचं. नळीला गाठ मारायची, गाठ सैल केली की थेंब वाढतात. तासाभरात मासे रुळतात. बाबा म्हणाले, तुझंही तसंच चाललंय, घाई नाही. मला एकदम रडूच आलं, बरं वाटून.

पुढच्या शुक्रवारी लांबून सहा मासे यायचेत. त्यांची तऱ्हा वेगळी, हे बाबांनी दोनदा सांगितलं. ते दीड दिवस बंद पिशवीत असतात, पाण्यात त्यांचीच घाण साठते. पिशवी बंद आहे तोवर ती फारशी बाधत नाही. उघडून हवा लागली की तिचं विष होतं. म्हणून त्यांना थेंब-बिंब नाही. खोलीत अंधार करायचा, बंद पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायच्या, मग एकेक उघडून मासा लगेच पाहुण्यांच्या छोट्या टाकीत. खारटपणाची काळजी नको, तिकडची पॅकिंगवाली बाई बाबांच्या टाकीप्रमाणेच पाणी करून पाठवते. पंधरा वर्षांत तिचा एकही मासा दगावला नाही, असं बाबा अभिमानाने सांगत होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

शुक्रवार, १४
लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.

बाबांना सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मासे तुझ्या हवाली, असं म्हणून गेले. नवरा कामावर. खोका आला. सहा पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, गोल सुबक अक्षर : "उघडल्यावर थांबू नका. जपून." मी वाचलं. नाही वाचलं असं म्हणता येणार नाही.

पण मला वाटलं, दुकानातल्या माशांचे तासभर लाड, आणि हे एवढा प्रवास करून आलेत तर यांना धसमुसळेपणा? बाबांपेक्षा मी जास्त हळुवार, हे दाखवायचं होतं मला. सहाही पिशव्या उघडल्या, मासे बादलीत ओतले, नळी लावली, गाठ मारली. मग माहेरून आईचा फोन आला. माझं इथे कसं कौतुक होतं ते मी तिला तास-सव्वा तास सांगत बसले.

परत आले तेव्हा सहाही मासे आडवे पडले होते. एकाचं तोंड अजून उघडमीट करत होतं.

पुढचं लिहायची लाज वाटते. मी ते मासे पुन्हा पिशव्यांत घातले. बादलीतलं पाणी भरलं. रबरं घातली. फोटो काढले. बाबा आल्यावर सांगितलं, मेलेलेच आले.

शनिवार, १५
बाबा कालपासून नीट जेवले नाहीत. फोटो मात्र बराच वेळ बघत होते. ती बाई रबराला दोन पीळ देते, इथे एकच दिसतो, असं स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, घाईत असेल बिचारी. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चिठ्ठ्या जाळल्या. एक या वहीत राहिली.

बुधवार, १९
तिकडून फोन आला होता. त्या बाईला कामावरून काढलं. बाबांनी तक्रारसुद्धा केली नव्हती, फक्त फोटो पाठवले होते. आता ते पुन्हा पुन्हा म्हणतात, मी पाठवायलाच नको होते. मी भाजी निवडत होते. आत्ता सांगावं, आत्ता, असं वाटलं. निवडलेली भाजी मी पुन्हा निवडत बसले.

दुपारी खोलीत टप टप ऐकू येत होतं. नळी माडीखाली खुंटीला टांगलेली. कोरडी ठणठणीत.

शुक्रवार, २१
पिण्याचं पाणी खारट लागतं. नवऱ्याने माझ्याच पेल्यातून पिऊन पाहिलं, म्हणाला गोडं आहे. सकाळी उशी ओली होती. रडले असेन म्हणावं, तर केसही ओले, आणि वाळल्यावर त्यांत पांढरं मीठ.

फणीला एक चिठ्ठी चिकटलेली. तेच गोल अक्षर. "बंद आहे तोवर ठीक."

वहीतली उघडून पाहिली. ती जागेवर आहे. ही दुसरी.

रविवार, २३
आज नवऱ्याला सांगायला बसले. खोक्याबद्दल काहीतरी सांगायचंय, एवढं म्हटलं. तो टॉवेल टाकून समोर येऊन बसला. त्याचा तो भाबडा चेहरा पाहिला आणि — म्हटलं, काही नाही, खोका फेकला का ते विचारायचं होतं.

तेव्हापासून छाती भरून येते. श्वास पुरत नाही. आधी असं नव्हतं. तोंड उघडलं आणि थांबले, तेव्हापासून.

आरशाच्या कडेला चिठ्ठी. "उघडलं ना? मग थांबू नका."

मी थांबले. पुन्हा थांबले. त्या दिवशी फोनवर माझं कौतुक सांगत होते आणि ते सहा जीव — मी किती हलकी बाई आहे.

सोमवार, २४, सकाळ
खिडकी उघडत नाही. काच बोटाने दाबली तर आत गेली. मऊ. पिशवीसारखी. भिंतीसुद्धा. कोपरे गोल झालेत. पलंग हलतोय, अगदी हळू, तरंगल्यासारखा. कोणीतरी बाहेर अंधार केला. दहा वाजलेत आणि अंधार.

पायाशी पाणी. घोट्यापर्यंत.

बाबांना हाक मारली. तोंड उघडलं, मिटलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं.

वीस मिनिटं झाली असतील. वर — छताच्या जागी — रबर दिसतं. एकच पीळ. माझाच.

सोमवार
रबर सुटलं. हवा आली आणि डोळे जळायला लागले. पाणी गुडघ्यावर. वरून नळी. गाठ मारलेली. थेंब.

जिन्यावर बाबांची पावलं! मला पाहायला येतायत. आल्याबरोबर सांगणार. सगळं. वही उंच धरून लिहिते, आवाज नाही तर हे तरी वाचतील. लवकर या, बाबा —

फोन वाजला. खाली. पावलं परत गेली.

बोलतायत. ती बाई आहे. तिनेच केलाय फोन. बाबा माफी मागतायत तिची. तुमच्याकडून असं होणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणतायत. आता हसले. माझ्याबद्दल सांगतायत. पोर फार हळुवार आहे. छान रुळलीय.

छातीपर्यंत.

बोलतच आहेत. ठेवा ना फोन. तास झाला. बाबा, तिला सांगा, फोन ठेवायच्या आधी सांगा, चिठ्ठी मी वाचली होती, त्या पिशव्या मीच उघडून —