काळी चंद्रकळा

दाना ओली, ग्वाल्हेर
४ डिसेंबर २०२५

प्रिय शालिनीवन्सं,

स. न. वि. वि. फोनवर तुमचं बोलणं मला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं तुम्हाला सोसत नाही, तेव्हा आपला कागदच बरा.

माझ्या भावाची नात गरिमा फूलबागेजवळ प्रदर्शन भरवते आहे. एकाहत्तरच्या लढाईत आणि नंतर इथल्या बायका संध्याकाळी काय नेसत, हा विषय. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत दिवसभर विचारत असते. मी सांगितलं, ब्लॅकआउट लागला आणि टिकल्यांच्या साड्या ट्रंकेत गेल्या. मुरारच्या छावणीत मेसमध्ये जायचं तरी गडद निळं नाहीतर कॉफी कलर. तुमचा पदर चमकला म्हणून वॉर्डननं भर रस्त्यात झापलं होतं, तेही मुद्दाम सांगितलं! आणि लढाई संपली तशी महिन्याभरात बाजारभर झगमगतं नायलॉन.

तिला माझी पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा हवी आहे, आणि हलव्याच्या दागिन्यांतला फोटो. तुमचे दादा लढाईत जखमी झाले होते, पण इस्पितळात सुधारताहेत असं पत्र आलं होतं. फोटोत मी केवढी हसते आहे! दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, तार आली. हसले तेव्हा ते होते, एवढ्यावर मी चौपन्न वर्षं काढली. साडी तेव्हापासून उघडलेली नाही. आता उघडू ना?

लोभ आहेच, तो लवकर उत्तर लिहून दाखवा.

तुमची
कुसुमवहिनी

---

पुणे
१० डिसेंबर

ती. गं. भा. कुसुमवहिनींना,

शि. सा. न. वि. वि. गरिमाला शाबासकी सांगा. वॉर्डनची गोष्ट मात्र तुम्ही दरवर्षी वाढवता.

चंद्रकळा देऊ नका. इतक्या वर्षांचं रेशीम घडीवर चिरेल. माझ्या लग्नातली मोरपंखी नायलॉन पाठवते, ती लावा. फोटो द्या हवं तर. आईनं आपल्या हातानं बांधलेलं गाठोडं आहे ते, तिची आठवण म्हणून तरी सोडू नका. वहिनी, एवढं माझं ऐका.

आपला लोभ असाच राहावा, ही मनापासून विनंती.

आपली
शालिनी

---

ग्वाल्हेर
१७ डिसेंबर

शालिनीवन्सं,

नमस्कार. गाठोडं सोडलं. रेशीम कुठेही चिरलं नाही. घडीत तार होती. ह्यांची. किंक्रांतीला मला तोंडीच सांगितलं होतं, आणि पुढे सरकारी कागदांवर मी न वाचता सह्या केल्या. हे गेले अकरा जानेवारीला, तारेवर शिक्का बाराचा. संक्रांत चौदाला होती.

विधवेचा हात जाणार नाही अशी घरात एकच जागा होती, ती सासूबाईंना बरोबर सापडली. मी वीस जणींकडून वाण घेतलं, उखाणा घेतला, हसून फोटो काढून घेतला. घरात तार असताना.

सोडू नका, असं तुम्ही का लिहिलंत? तुम्हाला ठाऊक होतं? हो की नाही, एवढंच कळवा. तोवर फोटो कुणाला देणार नाही, आणि लोभाचंही काही लिहीत नाही.

कुसुम

---

पुणे
२४ डिसेंबर

ती. गं. भा. वहिनींना,

शि. सा. न. हो.

तार मीच घेतली. आईला इंग्रजी येत नव्हतं, मीच तिला वाचून दाखवली. तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणाली, ह्या पोरीला अजून एकदाही धड नटवलेलं नाही, एक संध्याकाळ तिची होऊ दे, पुढे जन्मभर पांढरं आहेच. मी बोलले तर तुमचं कुंकू मीच पुसलं असं आई धरणार होती.

सतरा वर्षांची होते. तुमचे बाजूबंद, हार, बिंदी सगळं मी बांधलं. हाराची गाठ दोनदा सुटली, तर तुम्ही चिडवलंत की नवरा माझा यायचाय की तुमचा. नंतर दरवर्षी सांगायचं ठरवलं, दरवर्षी कच खाल्ली. तुम्ही हसलात तेव्हा समरदादा नव्हता, वहिनी. क्षमा मागायला मला तोंड नाही.

लोभ राहिला असेल तर दोन ओळी लिहा.

शालिनी

---

ग्वाल्हेर
२ जानेवारी २०२६

चि. शालिनी,

अनेक आशीर्वाद. आज वन्सं म्हणवत नाही, अगं म्हणते.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सासूबाईंना मी माफ केलेलं नाही. माझं दुःख तीन दिवस लांबवायचा हक्क त्यांना कुणी दिला? माझ्याजवळ ते एक हसणं होतं, तेही गेलं. हे तुझ्यापासून लपवत नाही, लपवालपवी ह्या घरात पुष्कळ झाली.

काल फोटो गरिमाला दिला. तिनं पाटीवर लिहून आणलं होतं, विजयानंतरचा साज. ते खोडायला लावलं. आता लिहिलंय, चौदा जानेवारी बहात्तर, नवरा जाऊन तीन दिवस, तिला माहीत नाही.

देण्याआधी भिंग लावून पाहिला. माझ्यामागे तू उभी आहेस, माझ्या हाराची गाठ धरून. चौपन्न वर्षं मी त्यात स्वतःलाच पाहत आले गं. तुझा एकुलता भाऊ गेला होता आणि तू त्याच्या बायकोला नटवत होतीस. किंक्रांतीला सगळ्या मला धरून रडल्या, तू आल्यागेल्यांना चहा देत होतीस. तुला रडताना पाहिल्याचं मला आठवतच नाही.

गरिमा तुझं तिकीट काढते आहे. ये. दादासाठी रडायचं तुझं राहून गेलंय. मी तुझ्याजवळ बसते.

तुझी
वहिनी