नसलेल्या शहराचे रस्ते

मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६, कामतघर

केतकीने कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या शहराचा नकाशा काढलाय. शहर काल्पनिक, पण गल्ल्या, पूल, बंदर, सगळं प्रमाणात. पोरगी महिनाभर त्यात गाडी घेऊन हिंडली आणि एकेक वळण कागदावर उतरवलं. मी सवयीने टोमणा मारला, "नसलेल्या गावाचे रस्ते पाठ. आता आपल्या कामतघरचा काढून दाखव."

तिने काढला. घर, रिक्षा स्टँड, कॉलेज, आणि त्यांना जोडणारी एक रेघ. संपला.

"बाकीचं?"

"बाकीकडे तुम्ही पाठवलंय कुठे, बाबा? पॉवरलूमवाल्यांच्या गल्लीत जायचं नाय, तलावाकडे एकटीने जायचं नाय. गेममध्ये कोण अडवत नाय."

त्या गेममध्ये चौकाचौकात गोळीबार चालतो. तिथे माझी एकोणीस वर्षांची मुलगी बिनधास्त फिरते आणि इथे तिच्या वाट्याला ती एक रेघ. वर मी लोकांच्या संकुचितपणावर सदर लिहितो.

मग तिने विचारलं, "उद्या कागद-पेन्सिल घेऊन निघू? एकटी?"

"आईला विचार," मी म्हटलं.

तिची आई केव्हाच हो म्हणालीये. विचारायचं राहिलं होतं ते मलाच.