कोंबड्यांचा कागद

ता. ४ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुम्ही खुशाल असाल असं धरून चालते. इथे मी ठीक, तुमच्या दादांचा गुडघा त्याच्या मर्जीप्रमाणे, आणि डुकरं आमच्या दोघांपेक्षा बरी. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तुम्ही उचलत नाही, मग मी काय करू? वाचा तरी.

बातमी मोठी आहे. आपला फार्म वाढणार! म्हणजे वाढेल असं दिसतंय. आपलं मांस आणि अंडी घेणारे ते हॉटेलवाले आठवतात ना, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थापा मारणारे? ते आणि त्यांचे तीन मित्र पैसे गुंतवायला तयार आहेत. चाळीस माद्यांच्या दीडशे करायच्या आणि कोंबड्या दोनशेच्या थेट पाच हजार. ऐकून मी खुर्चीत बसले. तुमचे दादा आधीच बसलेले होते, ते उभे राहिले.

त्यांना आवडलं ते आपलं जुनंच गणित. डुकरांच्या शेणाचा गॅस, त्या गॅसवर कोंबडीच्या पिल्लांना ऊब, उरलेला रेंदा मक्याला, आणि मका पुन्हा दोघांच्या पोटात. काहीच वाया जात नाही. हॉटेलवाले म्हणाले, "हे डोकं कुणाचं?" मी म्हटलं, आमच्या घरातलंच. तेवढ्यात चहा आला, म्हणून पुढचं राहिलं.

खरं सांगायचं तर डोकं तुमचं होतं, हे मला सांगता आलं असतं. चहा काही इतका गरम नव्हता.

डुकरांचं मी बघेन. मोठ्या बाई (ती आपली लांब कानांची, तिला आता सगळे हेच म्हणतात) परवाच व्याल्या, चौदा पिल्लं, चौदाही जगली! पण कोंबड्या मला कधी कळल्या नाहीत. तुम्ही नुसतं दार उघडलंत की धावत यायच्या. मला बघून अजून तोंड फिरवतात. अंडी देतात तीही उपकार केल्यासारखी. दोनशेंची ही तऱ्हा, मग पाच हजारांचं मी काय करणार?

म्हणून म्हटलं, तुमचा सल्ला घ्यावा. नुसता सल्ला हो. शेड कुठे बांधावी, खिडक्या कुठल्या बाजूला असाव्यात, एवढंच. मी अंदाजाने काढलेला नकाशा सोबत पाठवतेय. तुम्ही त्या उबवणी केंद्रात दिवसभर पिल्लंच हाताळता, तुम्हाला हे डोळे मिटून येईल.

सहा वर्षांपूर्वी साथीत सगळी डुकरं गेली, आणि मी चारचौघांत तुम्हाला जे बोलले ते बोलले. तो विषय आज नको. आज आनंदाची बातमी आहे.

मॅडम म्हणून कुणी आहेत, पूर्वी बँकेत मोठ्या साहेब होत्या. या सगळ्यांचे पैसे कुठे लावायचे ते त्या ठरवतात. पुढच्या आठवड्यात फार्म बघायला येतायत. त्यांना आवडलं की सह्या. माझे तर पाय जमिनीवर नाहीत.

नकाशावर लाल पेनाने खुणा करून पाठवलात तरी चालेल. पत्र नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
वहिनी


ता. १९ मार्च

प्रिय वन्सं,

नकाशा आला नाही. पत्रही नाही. ठीक आहे. मीच लिहिते, आणि आज चहाचं निमित्त सांगणार नाही.

आधी गंमत ऐका. साथीनंतर मी फाटकापाशी एक न्हाणीघर बांधलंय. बाहेरच्या दाराने आत जायचं, अंगावरचं सगळं उतरवायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, आमचे निळे कपडे नि गमबूट घालायचे आणि आतल्या दाराने फार्मवर यायचं. मी असो, डॉक्टर असो, कुणाला सूट नाही. आणि तीन दिवसांत दुसरीकडच्या डुकरा-कोंबड्यांत जाऊन आलेल्याला आंघोळ करूनही प्रवेश नाही.

तर हॉटेलवाले गेले न्हायला. अर्धा तास बाहेर येईनात. आतून गाणं! आले ते असे, की विजार पोटऱ्यांपर्यंत आणि सदऱ्याचं एकही बटण लागत नव्हतं. तुमचे दादा खोकल्याचं निमित्त करून मक्यात पळाले. मोठ्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं आणि पाठ फिरवली. ते स्वतःच इतके हसले, की अंगावरचा सदरा उसवला.

मग फाटकाशी मॅडम आल्या. साठीच्या असतील, ताठ, कमी बोलणाऱ्या. मी नेहमीप्रमाणे येणाऱ्यांच्या नोंदीची वही पुढे केली आणि विचारलं, "तीन दिवसांत कुठल्या जनावरांत गेला होता का?"

हॉटेलवाले माझ्या शेजारी उभं राहून त्यांना मानेनं 'नाही म्हणा, नाही म्हणा' करत होते. मॅडम म्हणाल्या, "हो. आज सकाळीच. तुमच्याशी तुलना करायला म्हणून दुसरा एक फार्म बघून आले."

मी वही मिटली. "मग आज नाही जमायचं. तीन दिवसांनी या."

दादांनी डोक्यावर हात मारला. "अगं, यांच्याच सहीवर सगळं आहे!" मी म्हटलं, "आणि आतले पाचशे जीव माझ्यावर आहेत." मॅडम लाल झाल्या, गाडीत बसल्या, गेल्या. हॉटेलवाले त्या तसल्याच विजारीत त्यांच्या मागे धावले.

मी मनात म्हटलं, गेलं सगळं. चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी गाडी. मॅडम उतरल्या, विचारायच्या आत म्हणाल्या, "तीन दिवस घरातच होते," आणि सरळ न्हायला गेल्या.

ओल्या केसांनी सगळं फिरल्या. पिल्लं हातात घेतली, गॅसची टाकी बघितली, कोंबड्यांच्या शेडमध्ये नाकाला रुमाल लावला, आणि बरोबरच होतं त्यांचं. शेवटी विचारलं, "हा नियम इतका कडक कशामुळे? कुठे शिकलात?"

वन्सं, या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात सहा वर्षं तयार आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तेच देते. 'आमच्या नणंदेच्या पायांबरोबर रोग आत आला, तेव्हापासून.' तोंड उघडलं, आणि निघेना. ही बाई माझ्या फाटकात खोटं बोलली असती तर कुणाला कळणार होतं? तिचा दिवस फुकट जात होता, वर अपमान, तरी 'हो' म्हणाली. अगदी तसंच 'हो' मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

साथ आली त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "या आठवड्यात बाहेरच्या जनावरांत कोण गेलं होतं?" तुम्ही लगेच म्हणालात, "मी. कोंबडीची पिल्लं बघायला गेले होते, तिथे मागे डुकरंही होती." मग डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मी फक्त दाताच्या डॉक्टरकडे."

मी दाताच्या डॉक्टरकडे गेले नव्हते. जनावरांच्या बाजारात गेले होते. नवा नर इतक्यात नको असं तुम्ही म्हणाला होतात, आणि मला तो तुम्हाला न विचारता आणायचा होता. तिथे दोन डुकरं कोपऱ्यात पडून होती, कान निळसर, अंग तापलेलं. मी हात लावून बघितला. घरी आले तर मादी व्यायला बसलेली. तेच बूट, तेच हात, तशीच आत धावले. पाचव्या दिवशी पहिली आडवी पडली ती तीच. तुम्ही त्या आठवड्यात डुकरांच्या बाजूला फिरकलाही नव्हता.

मला तेव्हाच कळलं होतं. नंतर नाही, तेव्हाच. कळलं होतं म्हणूनच मी तुमच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडले. डॉक्टर, खाद्यवाले, तुमचे दादा, सगळ्यांसमोर. आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, पेटी भरलीत आणि गेलात. मी फाटकापर्यंतसुद्धा आले नाही.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. दादा शेजारीच उभे होते, त्यांनीही तेव्हाच ऐकलं. दोन दिवस गेले. मग जेवताना म्हणाले, "त्या दिवशी दात थोडा तरी दुखत होता का गं?" मी म्हटलं, नाही. ते अर्धवट हसले आणि ताटावरून उठून गेले. मला लाज वाटते, वन्सं. ती रोजच वाटायची, पण आता ती कुणाला तरी दिसते, म्हणून थोडं बरं वाटतं.

त्या दिवशी मॅडमनी सगळं ऐकून ओले केस बांधले. मग म्हणाल्या, "पैसे मी देणार. दारातून मला परत पाठवलंत तेव्हाच ठरवलं होतं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." म्हणजे माझ्या कबुलीवर काही अडलेलं नव्हतं. सह्या लगेच होत होत्या.

मीच थांबवलं. डुकरांच्या कागदावर सही केली. कोंबड्यांचा कागद तुमच्या नावाने करायला सांगितला, निम्म्या हिश्शाचा. त्यावर मी सही करणार नाही. महिनाअखेरपर्यंत थांबायला त्या तयार आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर कोंबड्यांचा विषय सोडून देईन, डुकरं एवढीच ठेवेन. तुमचं डोकं पुन्हा तुमच्याशिवाय वापरायचं नाही, एवढं ठरवलंय.

माफी मागते. तुम्ही कराल म्हणून नाही, मागायची राहिली होती म्हणून.

तुमची चोर,
वहिनी


ता. २७ मार्च

वहिनी,

नमस्कार. तुमचं पहिलं पत्र मी फाडलं होतं. नकाशा मात्र ठेवला, का ते विचारू नका.

दुसरं वाचून तुम्हाला इतक्या मोठ्याने शिव्या घातल्या की शेजारीण धावत आली. तिलाही सगळं सांगितलं. तिने तिच्या ठेवणीतल्या चार घातल्या. त्या मी तुम्हाला तोंडी सांगेन, लिहिण्यासारख्या नाहीत.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. मला ते खरं वाटलं होतं. सहा वर्षं मी धरून चालले होते की ते सगळे जीव माझ्या पायांनी मारले. डुकरांकडे गेले नव्हते हे मला ठाऊक होतं, तरी वाटायचं, आपण विसरलो असू, कुठेतरी पाय पडला असेल. त्या चपला मी जाळल्या. इथे दिवसातून दहा वेळा पाय धुते, बायका हसतात. तुमचं पत्र वाचल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हटलं, "माझे पाय स्वच्छ होते." मग खाली बसून रडले. मग भूक लागली आणि मी चार माणसांचं जेवले.

आता कामाचं. तुमचा नकाशा म्हणजे कोंबड्यांना कोंडून मारायचा बेत आहे. शेड डुकरांना खेटून? वारा तिकडून इकडे येतो, हे सुद्धा विसरलात? ती फाटकाच्या अंगाला हवी, लांबी पूर्व-पश्चिम, दोन्हीकडे जाळ्या. पाच हजार एकदम आणायच्या नाहीत, आधी हजार. आणि रुमाल लावावा लागतो म्हणजे खालचा भुसा महिनोन्‌महिने बदललेला नाही. तो आजच काढा.

मी येते. सोमवारी पोचेन. मी पिल्लांतून येतेय, म्हणजे तीन दिवस मला आत घेता येणार नाही. सूट देऊ नका, मी घेणार नाही. फाटकाबाहेरच्या खाद्याच्या खोलीत खाट टाका. डबा दादाने आणायचा नाही, तुम्ही आणायचा.

त्याआधी डॉक्टर आणि खाद्यवाल्यांकडे जाऊन या. ज्यांच्यासमोर मला बोललात त्यांच्यासमोरच हे सांगा, आणि तितक्याच मोठ्याने. तुमचा आवाज पोचतो, मला माहीत आहे.

माफ केलं, असं लिहायला पेन उचललं होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि आपल्या घरात खोटं पुष्कळ झालं. राग आहे अजून. तो घेऊनच येतेय. पण काल मी इथल्या साहेबांना नोकरी सोडते म्हणून सांगितलं आणि जिन्यावरून खाली येताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय. वहिनी, मला घरी यायचंय.

कागद कोराच ठेवा. सही मी करीन.

तुमची रागावलेली भागीदार