ओव्हनमधला निवद

रविवार, २९ जून

ओव्हन आला! तेजस्विनीनं स्वतःच्या घरातला उचलून दिला. जावईबापूंनी पुण्याहून मागच्या सीटवर बांधून आणला. "पप्पा, मला नंतर घेता येईल. मम्मीला मऊ काहीतरी करून घाला." पोरगी गुणाची निघाली.

ठेवायचा कुठं? आमच्याकडं मटण घरातल्या ओट्यावर शिजत नाही, पडवीतल्या चुलीवरच. मग ओव्हनही पडवीत, चुलीशेजारी. शेजारची लंकाबाई बघायला आली. सगळीकडून वाकून बघितला न् म्हणाली, "भाऊ, यात जाळ कुठनं सारायचा?" रत्ना हसली. केमो सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

मंगळवार, १ जुलै

डॉक्टर सरळ बोलले — वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबणीवर. आणि डोस लांबला तर...  

रत्नाचं तोंड आतून सोललंय. तिखट चालत नाही, चावता येत नाही. वर चव गेलेली. "कायबी खाल्लं तरी मातीच लागतीया वो." चव कधी येईल विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, कुणाची लवकर येते, कुणाची येतच नाही.

मी जन्मभर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर अँटेनांच्या मोटारी सांभाळल्या. घरात कधी पापड भाजला नाही. आता शिकायचं.

शुक्रवार, ४ जुलै

मोबाईलवर रेसिपी दाखवणारी बाई बीफ आणि मशरूम ओव्हनला लावते. आम्ही बोल्हाई देवीचं पाळणारे, बोल्हाईचं मटण खाणारे — मेंढी चालते, बोकडसुद्धा चालत नाही. पिंपरी पेंढारच्या गेणभाऊंना फोन लावला. त्यांची मेंढरं आहेत. "वैनीसाठी ना? मग कवळं देतो, तुमी येऊ नका, मीच येतो." पावसात मोटारसायकलवर आले. चहालासुद्धा थांबले नाहीत.

मशरूम नारायणगावहून आणले. आलं-लसूण, हळद, कांदा, वरून साय. सगळं बाईनं सांगितल्याप्रमाणं. अर्ध्यात लाईट गेली, ती आलीच नाही. शेवटी चुलीवर चढवलं. चामडं झालं. कुत्र्यानं खाल्लं, तेही उपकार केल्यासारखं.

बुधवार, ९ जुलै

जमलं! भांड्याचं झाकण कणकेनं बंद केलं न् ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून दिलं. उघडलं तर मटण चमच्यानं तुटत होतं. रत्नानं थोडंसं खाल्लं.

"चव?"

"न्हाई लागत. पर गिळतंय बगा, टोचत न्हाई."

एवढंही पुष्कळ. तेजस्विनीचे, गेणभाऊंचे, त्या मोबाईलवरच्या बाईचेही उपकार.

रविवार, १३ जुलै

आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

आज आखाडातला म्हसोबाचा निवद. बांधावरच्या म्हसोबाला दरवर्षी रत्ना मटण करते. यंदा मी केलं, ओव्हनमध्ये. लंकाबाईनं माहेरच्या डोंगरातून अळंबी आणली होती, आंबेगावच्या पार वरच्या अंगाकडची. स्वतः निवडून, धुऊन दिली. "पुड्यातल्या त्या मशरूमला वास तरी येतोय का भाऊ?"

लाईटीची धाकधूक, त्यात पाहुण्यांचे फोन. निवद दाखवेपर्यंत चाखता येत नाही, त्यामुळं आत काय झालंय ते म्हसोबालाच ठाऊक. वास मात्र झकास सुटलेला. निवद ठेवून आलो, लंकाबाईला डबा दिला, रत्नाला वाढलं.

"कसं झालंय?"

"लई झ्याक झालंय. आणा अजून वाईच."

अजून वाढलं. वाटी पुसून खाल्ली तिनं. मला आभाळ ठेंगणं झालं.

मग मी जेवायला बसलो. पहिला घास तोंडात घातला — मीठच नाही. मीठ घालायचं पार विसरलो होतो.

म्हणजे तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघून खात होती. बुधवारी निदान खरं तरी बोलली, आता तेही लपवायला लागली. उठून पडवीत गेलो न् रडलो. तिनं आतून विचारलं, काय झालं. म्हटलं, धूर गेला डोळ्यात. ओव्हनला कसला आलाय धूर!

सोमवार, १४ जुलै

लंकाबाईनं डबा परत दिला, आत मूठभर इंद्रायणी तांदूळ. रिकामा कधी देत नाही ती. म्हणाली, "निवद पावला बगा भाऊ." मिठाबद्दल चकार शब्द नाही. माणसं किती सांभाळून घेतात आपल्याला.

शुक्रवार, १८ जुलै

वजन थोडं वाढलंय! डॉक्टर म्हणाले, डोस ठरल्या दिवशीच. दवाखान्याच्या पायरीवर मनातल्या मनात म्हसोबाला हात जोडले. चव नाही तर नाही. माणूस तर आहे.

कसं झालंय हे मात्र विचारायचं मी सोडलंय. उगा तिला खोटं बोलायला लावायचं कशाला? खिचडी असो, वरण असो, वाढतो न् गप बसतो. तीही गप जेवते.

मंगळवार, २२ जुलै

उद्याचा एकच दिवस उरला, मग अवस आणि श्रावण. महिनाभर मटण बंद. उद्याच्या मटणाचं गेणभाऊंना सांगून ठेवलंय. मनात एक खूळ आलंय — उद्या मीठ जरा चढंच घालायचं. बघू, तिच्या जिभेपर्यंत पोचतं का.

बुधवार, २३ जुलै

पहिल्याच घासाला रत्नानं तोंड वाकडं केलं.

"आवो, खारट केलंय की नुसतं. निवदाला मीठ न्हवतं, ते आज घातलं व्हय?"

मी पळी खाली ठेवली. म्हटलं, "तुला त्या दिवशी कळलं होतं?"

"तवाच तर कळलं, चव आली म्हणून. पैल्या घासाला मीठ न्हाई म्हणलं, न् आतल्या आत एवढी हरकले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं परत? आन् त्या दिवशी कसं बोलणार? म्हसोबाच्या निवदाला कुणी नावं ठेवतं व्हय?"